पाण्यातलं झाड पाण्यात का मेलं? नूस नदीकाठच्या दलदलीच्या जंगलाबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल.

अमेरिकेत, पूर्व नॉर्थ कॅरोलिनात किन्स्टनच्या जवळपास, नूस नदीला लागून तुम्ही जमीन घेतली. अगदी नदीच्या काठाला जमीन उंच, चालण्यासारखी आहे आणि तिथे सिकमोरची पांढरी खोडं दिसतात. नदीपासून आत जावं तसं कोरडं लागेल असं वाटलं होतं, पण उलटच झालं. पाय रुतायला लागले आणि शेवटी साचलेलं पाणी लागलं, त्यात बाल्ड सायप्रसची जुनी झाडं उभी. मागच्या एप्रिलमध्ये नर्सरीतून सायप्रसची रोपं आणून तुम्ही त्याच पाण्यात लावली. जूनमध्ये नदी चढली, आणि जुलैअखेर सगळी रोपं वाळून गेली. दलदलीचं झाड दलदलीतच का मेलं आणि आता तिथे नक्की काय लावायचं, हा तुमचा प्रश्न. शिवाय तुम्ही मूळचे दोडामार्गचे, म्हणून सायप्रसभोवती जमिनीतून वर आलेले ते 'गुडघे' आणि आपल्याकडच्या रानजायफळाच्या राईतले गुडघे एकच का, हेही विचारलंय.

याच किनारी मैदानातल्या नद्यांची जंगलं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात सतत दिसणारी गोष्ट अशी: लोक 'कोणतं झाड' असं विचारतात, पण गाडी अडलेली असते ती 'पाणी किती दिवस' इथे. पूरमैदानात झाडांची वाटणी पाण्याच्या खोलीवर कमी आणि पाण्याच्या मुक्कामावर जास्त ठरते. त्यातही मुक्काम कोणत्या महिन्यांत आहे आणि त्या वेळी झाड केवढं आहे, यावर सगळं अवलंबून. जानेवारीत पानगळ झालेल्या ओकच्या भोवती पुरुषभर पाणी तीन आठवडे राहिलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. जूनमध्ये तेवढेच दिवस फूटभर पाणी राहिलं, तर त्याच ओकची रोपं माना टाकतात. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि हिवाळ्यात मुळांना तो लागतोही कमी. उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी उलट होतात.

ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. माती पाण्याने भरली की तिच्यात उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून काही तासांत ते काही दिवसांत संपवतात. मग जिवाणू श्वासासाठी दुसऱ्या गोष्टींकडे वळतात: आधी नायट्रेट, मग मॅंगनीज, मग लोह, आणि फारच लांबलं तर सल्फेट. दलदलीत पाय काढल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्या पायरीचा. अशा मातीत जगायचं तर झाडाला काहीतरी सोय लागते. सायप्रस आणि त्याच्याच सोबतीने दलदलीत उभं राहणारं ट्युपेलो ही झाडं पाण्यात नवी मुळं फोडतात, त्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, आणि खोडाकडून आलेली हवा त्यातून खाली उतरते.

आता तुमच्या रोपांकडे येऊ. ती कुंडीत, भुसभुशीत मातीत वाढलेली होती. त्यांची मुळं हवेशीर मातीसाठी बनलेली. पाण्यात तग धरणारी मुळं फुटायला काही आठवडे लागतात. तुम्ही लावली एप्रिलमध्ये, म्हणजे पानं फुटल्यावर, जेव्हा झाडाची भूक सगळ्यात जास्त असते. तेवढं कदाचित त्यांनी सोसलं असतं. पण जूनमध्ये नदी चढली तेव्हा रोपांचे शेंडे पाण्याखाली गेले असणार, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, आणि मला वाटतं निकाल तिथेच लागला. सायप्रसचं रोप कमरेइतक्या पाण्यात उभं राहील, पण शेंडा बाहेर हवा. वाढीच्या दिवसांत पूर्ण बुडालेलं रोप काही आठवड्यांत मरतं. गढूळ पाण्यात पानांना उजेड मिळत नाही आणि खाली पाठवायला हवाही उरत नाही. शेजारची जुनी झाडं त्याच पाण्यात मजेत होती, कारण त्यांचे शेंडे शंभर फुटांवर आहेत.

मग निसर्गात ही झाडं तिथे उगवली कशी? मला या जंगलातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. जे झाड शेकडो वर्षं पाण्यात उभं राहतं, त्याचं बी पाण्याखाली रुजतच नाही. ते पाण्यावर तरंगत जातं, नंतर बुडतं, आणि तळाशी अडीच वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. त्याला लागते पाणी ओसरल्यावरची ओली, उघडी माती आणि वरून उजेड. असं पाणी ओसरणं काही दलदलींत दरवर्षी होत नाही. दुष्काळाच्या एखाद्या उन्हाळ्यात होतं. त्या उन्हाळ्यात लाखो रोपं उगवतात, आणि पुढच्या पुरात ज्यांचे शेंडे वर राहतात ती टिकतात. त्यानंतर पुन्हा कित्येक वर्षं एकही नवं झाड नाही. म्हणूनच तुमच्या पाण्यात जुनी झाडं आहेत पण मधल्या वयाची दिसत नाहीत. जंगल आजारी आहे असा त्याचा अर्थ नाही. ज्या झाडाला हजार वर्षं आयुष्य आहे, त्याला शतकात दोन-तीन चांगले उन्हाळे पुरतात. नॉर्थ कॅरोलिनातल्याच ब्लॅक नदीकाठी थ्री सिस्टर्स नावाच्या दलदलीत एक सायप्रस किमान 2,624 वर्षांचं असल्याचं 2019 मध्ये डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. खोडातून पेन्सिलीएवढी बारीक सळई काढून, झाड न पाडता त्यांनी वलयं मोजली होती.

तर इतकं लक्षात ठेवा: मोठं झाड, रोप आणि बी यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत, आणि मोठ्या झाडाकडे पाहून रोपाची जागा ठरवली की फसगत होते.

आता तुमची जमीन वाचायची कशी. नदीकाठ उंच आणि आतला भाग खोलगट, याचं तुम्हाला नवल वाटलं. पण पूरमैदानाची रचनाच तशी असते. पूर काठ ओलांडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम कमी होतो. जड वाळू आणि जाडसर गाळ काठाशीच पडतो आणि तिथे वरंबा तयार होतो, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात आपण पूरतट म्हणून शिकलो. बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर आत वाहत जाते आणि सगळ्यात शांत जागी बसते. त्यामुळे काठाजवळ उंच आणि निचऱ्याची जमीन, मागे सखल आणि पाणी धरून ठेवणारी. यात नदीने सोडलेली जुनी वळणं, वरंबे आणि घळी मिसळलेल्या असतात, म्हणून आत जाताना जमीन एकसारखी उतरत नाही, खालीवर होत राहते. सपाट दिसणाऱ्या या जंगलात वीतभर उंचीच्या फरकाने झाडं बदलतात.

तुमच्या काठावरून आत चालत गेलो तर साधारण काय भेटेल ते सांगतो. वरंब्यावर सिकमोर, शुगरबेरी, बॉक्स एल्डर, स्वीटगम, ग्रीन अ‍ॅश. इथे पूर वरचेवर येतो पण पटकन उतरतो, आणि दर पुरात ताजा गाळ मिळतो, म्हणून झाडं भराभर वाढतात. वरंब्याच्या मागच्या उतारावर आणि मधल्या सपाटीवर लॉरेल ओक, स्वीटगम, अमेरिकन एल्म, लाल मेपल, त्यांच्या सावलीत आयर्नवुड. इथे पाणी वाढीच्या दिवसांतही काही आठवडे राहतं. त्याच सपाटीतून मधेच एखादा जुना उंचवटा वर आलेला असेल, तर त्याच्यावर चेरीबार्क ओक, स्वॅम्प चेस्टनट ओक, लॉबलॉली पाइन, खाली स्विचकेन नावाचा बारका बांबू. तिथे पाणी आलं तरी थोड्या दिवसांचं पाहुणं. सपाटीपेक्षा खोलगट, पण कायमचं तळं नसलेल्या जागी ओव्हरकप ओक आणि वॉटर हिकरी. आणि अगदी शेवटी, जवळजवळ वर्षभर पाणी असलेल्या भागात सायप्रस आणि ट्युपेलो. कडेला कॅरोलिना अ‍ॅश, बटनबुश, आणि उथळ चिखलात लिझर्ड्स टेल.

यातल्या ओव्हरकप ओकवर थोडं थांबतो, कारण तुमच्या जमिनीसाठी तेच झाड महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. बाकीचे ओक मार्चअखेर-एप्रिलमध्ये हिरवे होतात, तेव्हा हा नुसत्या काटक्या घेऊन उभा असतो. याची पालवी महिनाभरही मागे राहू शकते. या नद्यांना हिवाळा आणि वसंतात मोठं पाणी असतं, ते ओसरेपर्यंत हा पानं काढतच नाही, म्हणजे मुळांची भूकही वाढत नाही. याचं फळ हातात घेऊन पाहा. इतर ओकच्या फळाला वर टोपी असते, इथे टोपीने जवळपास सगळं फळ गिळलेलं असतं, एखादा छोटा गोल ठिपका तेवढा उघडा राहतो. त्या बुचासारख्या हलक्या आवरणामुळे फळ तरंगतं, पुराबरोबर जातं आणि पाणी उतरल्यावर जिथे अडकेल तिथे रुजतं. लाकूड व्यापाऱ्यांच्या लेखी याला फार किंमत नाही, म्हणून लोक याला हलकं समजतात. पण मधल्या ओल्या पट्ट्यात इतकं भरवशाचं झाड दुसरं नाही.

मात्र झाडं पाहून पाण्याचा अंदाज बांधताना एक सावधगिरी घ्या. मोठी झाडं जुना हिशोब सांगतात, आजचा नाही. आजच्या ओकचं रोप 80-100 वर्षांपूर्वी रुजलं तेव्हा नदी वेगळी होती. नूसवर रॅलेच्या वर फॉल्स धरण झालं ते 1981 मध्ये. पूरनियंत्रणाचं धरण मोठ्या पुराचं शिखर कापतं आणि साठवलेलं पाणी नंतर सावकाश सोडतं. म्हणजे एकदम चढून चार दिवसांत उतरणारा पूर हा कमी उंचीचा पण लांबलेला पूर होतो. उत्तरेकडच्या रोअनोक नदीवर 1950 च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या धरणांखाली याचा बराच अभ्यास झालाय: वाढीच्या दिवसांत लांबलेल्या पाण्यामुळे मधल्या उंचीवरच्या ओकची नवी रोपं टिकत नाहीत, वर मात्र जुने ओक भरगच्च दिसतात. तुमच्याकडे किती परिणाम झालाय हे धरणापासूनचं अंतर, मधे मिळणारे ओढे आणि तुमच्या जमिनीची नेमकी उंची यांवर ठरेल. म्हणून मी जंगलात गेलो की आधी गुडघ्याखाली पाहतो. खाली कोणत्या जातीची, तीन-चार वर्षांची रोपं टिकलीत? आजच्या पाण्याचा खरा साक्षीदार ती रोपं.

दुसरा साक्षीदार माती. हाताने फिरवायचा ऑगर घ्या, नसेल तर अरुंद फावडं चालेल, आणि दीड फूट खोल मातीचा गाभा काढा. वरंब्यावर तो तपकिरी निघेल, वरपासून खालपर्यंत जवळपास एका रंगाचा. मधल्या सपाटीत हाताच्या वितीइतकं खाली गेल्यावर राखाडी रंग सुरू होईल आणि त्यात गंजासारखे नारिंगी ठिपके दिसतील. ढेकूळ हळूच मोडून बारीक मुळांच्या वाटा पाहा. मुळाभोवती गंजाची नाजूक नळी असेल तर ते मूळ पाण्यात असताना जिवंत होतं आणि बाहेर ऑक्सिजन झिरपवत होतं. पाण्यात लोह विरघळून वाहून जातं म्हणून माती राखाडी, आणि जिथे हवा पोचते तिथे ते परत गंजतं म्हणून ठिपके. अगदी आतल्या दलदलीत ठिपकेही कमी होतात. उरते नुसती राखाडी, निळसर झाक असलेली चिकणमाती, कधी वर काळ्या कुजलेल्या पानांचा थर. आमच्या कामात हे रंग मन्सेलच्या रंगवहीशी ताडून लिहितात. तुम्हाला वहीची गरज नाही, शेजारी शेजारी ठेवलेले तीन गाभे पुरेसे बोलतात.

खोडांवरही खुणा असतात. सायप्रस आणि ट्युपेलोचा बुंधा ज्या उंचीपर्यंत फुगलेला असतो, साधारण तिथवर पाणी वारंवार येतं. शेवाळाची दाट वाढ एका आडव्या रेषेखाली एकदम तुटते, ती रेषा वर्षातल्या लांब मुक्कामाच्या पाण्याची. फांद्यांत अडकलेला काडीकचरा मात्र एका दिवसाच्या पुराचीही उंची दाखवतो. 2016 चं मॅथ्यू आणि 2018 चं फ्लॉरेन्स या वादळांत नूसला आलेल्या पुरांच्या खुणा कुठे उंचावर दिसल्या, तर त्यांवरून लागवड ठरवू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या वर्णनातून स्पष्ट होत नाही: मागचं पाणी नदीचं आहे की बाजूच्या ओढ्याचं? या मैदानात दोन प्रकारच्या नद्या आहेत. नूस, रोअनोक, पी डी, सवाना या वरच्या पीडमॉंटमधून, म्हणजे डोंगर आणि किनारी मैदान यांच्यामधल्या चढउताराच्या पट्ट्यातून, किंवा डोंगरातून चिकणमाती घेऊन येतात. पाणी गढूळ, गाळ सुपीक. ब्लॅक, वॅकमॉ, लंबर या मैदानातच उगम पावतात. वाळूतून आलेलं पाणी, पानांच्या टॅनिनने कोऱ्या चहासारखं गडद, आम्लधर्मी आणि पोषणाला गरीब. गढूळ नदीच्या दलदलीत सायप्रसबरोबर वॉटर ट्युपेलो असतो, काळ्या पाण्याच्या ओढ्यांत बहुधा स्वॅम्प ट्युपेलो. ओळखायला सोपं: वॉटर ट्युपेलोचं पान तळहाताहून मोठं, फळ इंचभर, गडद जांभळं, त्यावर फिके ठिपके. स्वॅम्प ट्युपेलोचं पान लहान आणि फळ वाटाण्याहून थोडं मोठं, निळंकाळं. तुमच्या मागच्या भागात स्वॅम्प ट्युपेलो निघाला तर ते पाणी ओढ्याचं असण्याची शक्यता जास्त, आणि मग नदीच्या पातळीवरून तिथला अंदाज बांधता येणार नाही.

दोडामार्गच्या प्रश्नाबद्दल. हेवाळे-बांबर्डेची राई, जी महाराष्ट्राने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, ती जेमतेम अडीच हेक्टरांची आहे, आणि तिचं महत्त्व तिच्या आकारावरून लावू नये. तिथल्या रानजायफळाच्या झाडांना वाकून वर येणारी आणि आधार देणारी मुळं असतात, इथे सायप्रसला गुडघे असतात. दोघांपुढची अडचण एकच, बिनहवेची माती. पण ही झाडं एकमेकांची नातलग नाहीत. सायप्रस सूचिपर्णी, रानजायफळ सपुष्प. एकाच अडचणीवर दोन वेगळ्या कुळांनी स्वतंत्रपणे शोधलेला मार्ग आहे तो. सायप्रसचे गुडघे हवा घेण्यासाठीच आहेत का, हा वादही अजून मिटलेला नाही; मऊ चिखलात झाडाला घट्ट धरून ठेवणं हेही त्यांचं काम असावं असं मानणारे बरेच आहेत. मला दोन जंगलांतला मोठा फरक पाण्याच्या स्वभावात दिसतो. आपल्या राईत झऱ्याचं, ओढ्याचं पाणी बारमाही वाहतं आणि त्यात फारसा चढउतार नसतो. तिथलं बी मोठं, ओलं, वाट न पाहणारं. पडलं की थोड्या दिवसांत रुजायचं नाहीतर संपायचं. इथे नदी वर्षातून अनेकदा चढते-उतरते, कधी वर्षानुवर्षं हवी ती संधीच देत नाही, म्हणून सायप्रसचं बी थांबायला शिकलेलं आहे. तिकडे झरा आटला की राई गेली. इकडे पाणी कधीच ओसरू दिलं नाही, तरी जंगल म्हातारं होऊन संपतं.

म्हणून तुमच्या जागी असतो तर मी काय केलं असतं ते सांगतो. पहिलं वर्ष लावायचं काहीच नाही, पाणी मोजायचं. वरंब्यापासून मागच्या पाण्यापर्यंत एका रेषेत पाच-सहा ठिकाणी पीव्हीसीचे पाइप रोवा, प्रत्येकात एक लाकडी पट्टी आणि तळाशी चमचाभर कॉर्कचा भुगा टाका, पाइपला खाली भोकं ठेवा. पूर येऊन गेला की कॉर्क पट्टीवर जिथवर चिकटलेला असतो ती त्या पुराची उंची. शिवाय किन्स्टनला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचं (USGS) नदीची पातळी मोजणारं केंद्र आहे, त्याचे आकडे रोज जाहीर होतात. तुमच्या कोणत्या पाइपला पाणी लागलं तेव्हा केंद्रावर पातळी किती होती हे दोन-तीन पुरांत जुळवलंत, की केंद्राच्या जुन्या नोंदींवरून तुमच्या प्रत्येक पट्ट्यात गेली कित्येक वर्षं मे ते सप्टेंबरमध्ये पाणी किती दिवस होतं ते काढता येईल. विकत घेतलेल्या कुठल्याही रोपापेक्षा हा आकडा मौल्यवान आहे.

मग लागवड डिसेंबर ते मार्च या काळात, झाड झोपेत असताना. कुंडीतली छोटी रोपं नकोत. राज्याच्या वनखात्याच्या रोपवाटिकेत मिळतात तशी उघड्या मुळांची रोपं घ्या, त्यातही उंच निवडून, दोन-तीन फुटी. मागच्या कायमच्या पाण्यात सायप्रस लावू नका. त्या पाण्याच्या कडेला, जिथे उन्हाळ्यात जमीन उघडी पडते त्या पट्ट्यात लावा, आणि उन्मळून पडलेल्या झाडांच्या मुळांजवळ जे मातीचे ढिगारे असतात त्यांच्यावर लावा. तिथे शेंडा आपोआप फूटभर वर राहतो. त्याच्या वरच्या ओल्या सपाटीत ओव्हरकप ओक आणि वॉटर हिकरी. चेरीबार्क आणि स्वॅम्प चेस्टनट ओक फक्त उंचवट्यांवर, तेही तुमच्या नोंदी सांगतील की पाणी तिथे थोडेच दिवस असतं, तेव्हाच. वरंब्यावर काही लावायची गरज नाही, तो स्वतःच भरतो.

पाण्याचं गणित जुळलं आणि उजेड नसला, तरी रोपं जगणार नाहीत. ओक आणि सायप्रस दोघांनाही वरून ऊन लागतं. पडलेल्या झाडामुळे जिथे आभाळ उघडं झालंय तिथे लावा. अशा मोकळ्या जागा तुमच्याकडे वाढत जातील, कारण एमरल्ड अ‍ॅश बोरर नावाचा किडा 2013 मध्ये या राज्यात सापडला आणि अ‍ॅशची झाडं त्याने मरत आहेत. म्हणून कोणताही अ‍ॅश लावू नका, कितीही योग्य जागा वाटली तरी. आणि अ‍ॅश मेलेल्या जागी चायनीज प्रिव्हेट हे बाहेरून आलेलं झुडूप घुसतं, विशेषतः वरंब्यावर आणि मधल्या सपाटीत. ते एकदा दाट झालं की खाली कशाचंच बी रुजत नाही. माझ्या मते तुमचे पहिल्या दोन हिवाळ्यांतले कष्ट रोपांवर कमी आणि प्रिव्हेट उपटण्यावर जास्त गेले पाहिजेत. लहान असताना ते ओल्या मातीतून मुळासकट निघतं.

बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी, आहेत का ते पाहा. आतलं पाणी गेल्या काही वर्षांतच वाढलं असेल, मधल्या पट्ट्यातले ओक शेंड्याकडून वाळत असतील, तर खालच्या अंगाला ओढ्यावर बीव्हरचा बांध असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर माझा वरचा सगळा लागवडीचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा, कारण पाण्याची पातळी अजून ठरायची आहे. बांध फोडण्याची घाई करू नका. बांधातून पाइप टाकून पाणी ठराविक पातळीवर ठेवता येतं, आणि बीव्हरचं तळं इतर वनस्पती-पक्ष्यांसाठी मोलाचं असतं. रोपांना मात्र जाळीच्या नळ्या लावाव्याच लागतील, बीव्हर नसले तरी हरणं आहेत.

आणि एक विनंती. पाणी 'काढून टाकण्यासाठी' चर खणायचा किंवा भर घालायचा विचार कोणी सुचवला, तर हात लावण्याआधी विल्मिंग्टनच्या आर्मी कोअरच्या (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या) कार्यालयाला विचारा. पाणथळ जमिनीत भर घालण्यावर 1972 च्या स्वच्छ जल कायद्याचं नियंत्रण आहे. कोणत्या जमिनीला तो लागू होतो याची व्याख्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने आकुंचन पावली असली, तरी वाहत्या नदीला जोडलेली दलदल त्यातून सुटली असं गृहीत धरू नका. कायदा बाजूला ठेवला तरी चराने सगळ्यात आधी मरतो तो मधला ओव्हरकपचा पट्टा. तिथे लाल मेपल आणि स्वीटगम शिरतात आणि तो परत मिळवायला आपलं आयुष्य पुरत नाही.

ही सगळी झाडं एका फेरीत ओळखायची असतील तर मार्चअखेर साउथ कॅरोलिनातल्या कॉंगरी राष्ट्रीय उद्यानात जाऊन या. तिथल्या लाकडी पायवाटेवर उंच पाइनपासून सायप्रस-ट्युपेलोपर्यंतचा क्रम थोड्या अंतरात दिसतो, आणि त्या दिवसांत बाकी ओक हिरवे झालेले, ओव्हरकप अजून उघडा, असं ओळखणं सोपं जातं. तोवर तीन गोष्टी पाठवा: तिन्ही पट्ट्यांतल्या मातीच्या गाभ्यांचे शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो, ट्युपेलोच्या पानाचा आणि फळाचा फोटो, आणि ओव्हरकपखाली गुडघ्याएवढी रोपं आहेत की नाहीत ते. त्यावरून मधल्या पट्ट्यात लावायचं की नुसतं ऊन मोकळं करून द्यायचं, हे बरंच नेमकं सांगता येईल.